विश्लेषण : लग्नाच्या बँडमधला ट्रम्पेट उभा, व्हिएन्नातला आडवा... पिस्टन आणि रोटरी व्हॉल्व्हमध्ये फरक काय?

दर १ जानेवारीला व्हिएन्नाच्या म्युझिकफेराइन सभागृहातून व्हिएन्ना फिलहार्मोनिकचा नववर्ष कार्यक्रम जगभर दाखवला जातो. मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहता यांनी १९९०, १९९५, १९९८, २००७ आणि २०१५ अशा पाच वेळा त्याचे संचालन केले, त्यामुळे आपल्याकडेही तो आवर्जून पाहणारे आहेत. पुढच्या वेळी कॅमेरा मागच्या रांगेकडे वळला की ट्रम्पेटवाल्यांकडे नीट पाहा. आपल्याकडच्या लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट उभा धरतात आणि तीन बटणे वरून खाली दाबतात. व्हिएन्नात तेच वाद्य कुशीवर आडवे पडल्यासारखे दिसते आणि वादकाची बोटे चपट्या पट्ट्यांवर असतात. फरक धरण्याच्या सवयीचा नाही, आतल्या यंत्राचा आहे. पहिल्याला पिस्टन व्हॉल्व्ह म्हणतात, दुसऱ्याला रोटरी. दोन्ही पद्धती जवळपास दोनशे वर्षे जुन्या आहेत आणि अजून एकीनेही दुसरीला बाजारातून हटवलेले नाही.

व्हॉल्व्ह लागतोच कशाला?

तुतारी आठवा. तिला ना भोके, ना बटणे. ओठांचे कंपन कमी-जास्त करून वादक सूर वर-खाली नेतो, पण मिळतात ते मोजकेच सूर. लष्करी बिगुलाचेही तेच. त्याचे सगळे संकेत साधारण पाच सुरांत बसवलेले असतात. कारण सोपे आहे. ठरावीक लांबीच्या नळीतला हवेचा स्तंभ ठरावीक पटींतच कंप पावतो. मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशी ती चढती मालिका असते. खालच्या भागात दोन सुरांमध्ये मोठी दरी असते, वर गेल्यावर सूर एकमेकांजवळ येतात. म्हणून अठराव्या शतकातले ट्रम्पेटवादक सलग चाल वाजवायची असेल तर अगदी वरच्या, अवघड पट्टीत जाऊन वाजवत.

ही अडचण सोडवण्यासाठी बरेच काही करून पाहिले गेले. गाण्याची पट्टी बदलली की नळीचा एक तुकडा काढून दुसरा बसवायचा, ही एक रीत. हॉर्नवादक उजवा हात वाद्याच्या भोंग्यात घालून मधले सूर काढत. हे सूर थोडे कोंडल्यासारखे येत. आंटोन वाइडिंगर या व्हिएन्नाच्या वादकाने ट्रम्पेटला भोके पाडून त्यावर चाव्या बसवल्या. हायडनने १७९६ मध्ये लिहिलेला प्रसिद्ध ट्रम्पेट कन्चेर्तो याच वाद्यासाठी आहे. पण बासरीला शोभणारी युक्ती पितळी वाद्याला शोभेना. भोक उघडले की आवाजाची धार जाते, कारण ती धार पुढच्या भोंग्यातून येत असते.

खरे उत्तर होते वाजवता वाजवता नळीची लांबी बदलण्याचे. ट्रॉम्बोनमध्ये नळी सरकवून ते आधीपासून होतच होते. व्हॉल्व्हने तेच काम बोटाच्या एका दाबावर आणले. बटण दाबले की हवा एका जादा वेटोळ्यातून वळसा घालून येते, नळी तेवढी लांब होते, सूर तेवढा उतरतो.

शोध कुणाचा?

हाइनरिष श्टोल्झेल हा सायलेशियात नोकरी करणारा हॉर्नवादक. फ्रीडरिष ब्लूमेल हा त्याच भागातल्या खाणीच्या बँडमधला वादक. दोघांनी या कल्पनेवर आपापला हक्क सांगितला आणि शेवटी १८१८ मध्ये प्रशियात दोघांच्या नावे दहा वर्षांचे संयुक्त पेटंट निघाले. पुढे ब्लूमेलने फिरणाऱ्या व्हॉल्व्हसाठी १८२८ मध्ये स्वतंत्र पेटंट मागितले, ते त्याला नाकारण्यात आले.

आज वापरात असलेल्या दोन्ही रचना मात्र त्यानंतरच्या आहेत. व्हिएन्नात योझेफ रीडलने १८३५ मध्ये रोटरी यंत्राचे पेटंट घेतले. पॅरिसमध्ये एत्येन फ्रान्स्वा पेरिने याने १८३९ च्या सुमारास पिस्टनला आजचे रूप दिले. चार वर्षांच्या अंतराने दोन शहरांत दोन उत्तरे निघाली आणि युरोपातल्या बँडची साधारण तशीच वाटणी झाली. जर्मन भाषकांचा प्रदेश आणि त्याच्या पूर्वेकडचा भाग रोटरीकडे गेला, फ्रान्स आणि पुढे ब्रिटन पिस्टनकडे.

आत नेमके काय होते?

पिस्टन म्हणजे सायकलच्या पंपातल्या दट्ट्यासारखा दंडगोल. फरक एवढाच की याच्या अंगात आरपार वाटा कोरलेल्या असतात. दट्ट्या वर असताना एक वाट नळीच्या तोंडाशी येते आणि हवा सरळ पुढे जाते. बटण दाबले की दट्ट्या खाली सरकतो, दुसऱ्या दोन वाटा समोर येतात. एकीतून हवा वेटोळ्यात शिरते, दुसरीतून परत येते. बोट उचलले की स्प्रिंग दट्ट्याला वर ढकलते. ट्रम्पेटमध्ये हा प्रवास दीड सेंटीमीटरच्या थोडा वर असतो. दट्ट्या आणि त्याचे घर यांतली फट केसाच्या जाडीहूनही कमी असते, म्हणून तिथे तेलाचा पातळ थर लागतोच. फट वाढली तर हवा गळते, कमी झाली तर दट्ट्या अडकतो.

रोटरी समजायला स्वयंपाकघरात जा. गॅसच्या शेगडीचे बटण फिरवले की आतला कॉक फिरतो आणि वाट उघडते. रोटरी व्हॉल्व्ह त्याच जातीचा. आत एक जाड, आखूड गोळा असतो, त्याला रोटर म्हणतात. त्याच्या दोन बाजूंना दोन वाटा असतात. विश्रांतीत एका वाटेने हवा सरळ जाते. पट्टी दाबली की रोटर ९० अंशांत फिरतो आणि त्याच दोन वाटा आता एक जाण्याची, एक येण्याची अशी कामे वाटून घेतात. पट्टीची वर-खाली हालचाल गोल फिरण्यात बदलण्यासाठी मध्ये जोडणी लागते. ती एकतर बारीक दोऱ्याची असते किंवा छोट्या धातूच्या सांध्यांची. होय, हजारो युरोंच्या हॉर्नमध्ये आजही दोरा असतो. तो आवाज करत नाही आणि तुटला तर वादक स्वतः बदलू शकतो, म्हणून तो टिकून आहे.

आता बोटांचा हिशेब. पिस्टनला नळीच्या व्यासापेक्षा जास्त अंतर सरकावेच लागते, नाहीतर जुनी वाट पूर्ण बंद होऊन नवी पूर्ण उघडणार कशी? ट्रम्पेटची नळी व्हॉल्व्हपाशी साधारण पावणेबारा मिलिमीटर रुंद असते, तिथे हे चालून जाते. टुबाची नळी २० मिलिमीटरच्या आसपास. तिथे दट्ट्या लांब, जड आणि प्रवासही मोठा. रोटरला नळी कितीही रुंद असली तरी पाव वर्तुळच फिरायचे असते. पट्टीचा लांब हात वापरून बोटाची हालचाल आखूड ठेवता येते. मोठ्या वाद्यांत रोटरी इतकी का दिसते, याचे बरेचसे उत्तर इथेच आहे.

पिस्टनचा फायदा दुसरीकडे आहे. बोट आणि दट्ट्या यांच्यामध्ये काहीच नसते. जॅझमधले ट्रम्पेटवादक बटण मुद्दाम अर्धेच दाबतात आणि सूर चेपून, घसरवून काढतात. ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदातला रेक्स स्टुअर्ट यासाठी नावाजला गेला. मींडेची सवय असलेल्या आपल्या कानाला ही गंमत लगेच कळते. पट्टी आणि जोडणीच्या पलीकडे फिरणाऱ्या रोटरवर असे मधल्यामध्ये थांबणे कठीण जाते.

६.४ सेंटीमीटरची चूक

एका बाबतीत दोन्ही व्हॉल्व्ह सारखेच हतबल आहेत आणि जाहिरातींत हे सहसा सांगत नाहीत. नेहमीच्या ट्रम्पेटची नळी सुमारे १४८ सेंटीमीटर लांब असते. सूर अर्ध्या स्वराने उतरवायचा तर नळी जवळपास ६ टक्के वाढवावी लागते. म्हणजे दुसऱ्या व्हॉल्व्हचे वेटोळे ८.८ सेंटीमीटरचे. पहिला व्हॉल्व्ह पूर्ण स्वर उतरवतो, त्याला १८.१ सेंटीमीटर लागतात. तिसरा दीड स्वर उतरवतो, त्याला २८. तिन्ही एकदम दाबले तर बेरीज ५४.९ सेंटीमीटर. पण तीन पूर्ण स्वर खाली जायला नळी ४१.४ टक्के वाढायला हवी, म्हणजे ६१.३ सेंटीमीटर. नळी ६.४ सेंटीमीटर आखूड पडते आणि सूर चढा लागतो.

कारण टक्केवारीत आहे. पहिले वेटोळे जोडले की नळी लांब झाली. आता अर्धा स्वर उतरवायचा तर या नव्या लांबीच्या ६ टक्के हवेत, जुन्या लांबीच्या नव्हेत. कर्जावरच्या चक्रवाढ व्याजाचा हिशेब सरळव्याजाने केल्यासारखी ही चूक आहे. दट्ट्या असो वा रोटर, गणित बदलत नाही. म्हणून ट्रम्पेटवादकाच्या डाव्या हाताच्या बोटाशी एक कडी असते. तिने तिसऱ्या व्हॉल्व्हची नळी वाजवताना बाहेर सरकवतात. टुबा आणि युफोनियमला चौथा व्हॉल्व्ह देतात. ब्रिटनमध्ये डेव्हिड ब्लेकली याने १८७४ मध्ये आणखी चलाख उपाय काढला. जोडीने दाबलेल्या व्हॉल्व्हमधून हवा छोट्या पूरक वेटोळ्यांतून दुसऱ्यांदा फिरते आणि कमी पडलेली लांबी आपोआप भरून निघते. यासाठी एकाच दट्ट्यात जादा वाटा लागतात, त्यामुळे ही सोय प्रामुख्याने पिस्टनवाल्या वाद्यांत रुजली.

मग आवाजात फरक पडतो का?

वाद इथे सुरू होतो. रोटरी ट्रम्पेटचा आवाज रुंद, गोल, वाद्यवृंदात मिसळणारा आणि पिस्टनचा उजळ, टोकदार असे वादक आणि श्रोते सर्रास सांगतात. ऐकून ते पटतेही. पण त्याचे श्रेय व्हॉल्व्हला द्यायचे का, हा प्रश्न वेगळा.

एक लांब सूर धरला आहे, एकही व्हॉल्व्ह दाबलेला नाही, अशी कल्पना करा. दोन्ही वाद्यांत हवा व्हॉल्व्हच्या छोट्याशा भागातून सरळ जाते. तेवढ्या भागाने दीड मीटर नळीचा स्वभाव पालटणे अवघड आहे. मात्र रोटरी ट्रम्पेटमध्ये बाकीच्याही गोष्टी वेगळ्या असतात. व्हॉल्व्ह माउथपीसच्या जास्त जवळ असतात, सुरुवातीची नळी वेगळ्या उताराची असते, भोंग्याचा फैलावही वेगळा. बऱ्याच रोटरी ट्रम्पेटना वरचे सूर हमखास लागावेत म्हणून नळीतले बारीक छिद्र उघडणाऱ्या जादा चाव्याही असतात. म्हणजे तुलना दोन व्हॉल्व्हची होत नसते, दोन वेगळ्या वाद्यांची होत असते. डिझेल आणि पेट्रोल इंजिनांची तुलना ट्रक आणि स्कूटर चालवून करण्यासारखे हे आहे.

व्हॉल्व्हचा खरा प्रभाव जाणवतो तो एका सुरावरून दुसऱ्या सुरावर जाताना. त्या क्षणी जुनी वाट अर्धी बंद आणि नवी अर्धी उघडी असते. हा गोंधळाचा क्षण किती लांबतो आणि त्यात हवेला काय धक्का बसतो, यावर दोन सूर कसे जोडले जातात ते ठरते. रोटरीत हा क्षण आखूड असतो, असे तिचे पुरस्कर्ते म्हणतात. चांगल्या पिस्टनवादकाची बोटे इतकी चपळ असतात की फरक उरत नाही, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे.

व्हिएन्नाचा हट्ट

या क्षणासाठी कुणी किती किंमत मोजतो, हे पाहायचे तर पुन्हा व्हिएन्नात जावे लागते. जगभरातल्या वाद्यवृंदांतले हॉर्न आज जवळपास सगळे रोटरी आहेत. पण रोटरीचे पेटंट ज्या शहरात निघाले, त्याच शहरातल्या फिलहार्मोनिकच्या हॉर्नवर रोटरी नाही. तिथे तिसराच प्रकार आहे. प्रत्येक व्हॉल्व्हला दोन बारीक दट्टे आणि ते हलवायला लांब सळ्या. लेओपोल्ड ऊलमान याने १८३० मध्ये या रचनेचे पेटंट घेतले होते. बाकी जगाने ती केव्हाच सोडली.

व्हिएन्नाचे वादक म्हणतात, सूर सुराला जितका अलगद यातून जोडला जातो तितका रोटरीतून नाही. त्यासाठी ते धोका पत्करतात. व्हिएन्ना हॉर्नची नळी सुमारे पावणेचार मीटर लांब असते. इतक्या लांब नळीत वरचे सूर एकमेकांना खेटून असतात आणि ओठ जरा चुकला की शेजारचा सूर लागतो. बाकीच्या जगाने यावर १८९७ च्या सुमारास तोडगा काढला. एअरफुर्टच्या क्रुस्पे यांनी एकाच वाद्यात लांब आणि आखूड अशा दोन नळ्या बसवून अंगठ्याच्या रोटरी व्हॉल्व्हने त्यांच्यात अदलाबदल करण्याची सोय केली. अवघड जागी आखूड नळीवर जायचे, चूक टळते. व्हिएन्ना मात्र आपल्या लांब एकेरी हॉर्नला धरून राहिले. हजारो श्रोत्यांसमोर एखादा सूर फसण्याची जोखीम वादकाची असते, हे लक्षात घेतले तर हा हट्ट साधा नाही.

हॉर्नवाल्यांचा जुन्याकडे ओढा तसा पहिल्यापासूनचा. १८६५ मध्ये वाग्नरचा ‘ट्रिस्टान उंट इझोल्डे’ म्युनिकमध्ये रंगमंचावर आला. त्यात हॉर्नला व्हॉल्व्ह हवेतच, पण व्हॉल्व्हमुळे हॉर्नच्या आवाजाचे सौंदर्य आणि सूर जोडण्याची हातोटी उणावली, अशी खंत वाग्नरने संगीतप्रतीच्या सुरुवातीलाच नोंदवली. त्याच वर्षी ब्राम्सने हॉर्न, व्हायोलिन आणि पियानोसाठी त्रिकूट लिहिले आणि ते बिनव्हॉल्व्हच्या हॉर्नसाठीच ठेवले. ब्राम्सचे वडील हॉर्न वाजवत.

देश बदलला की व्हॉल्व्ह का बदलतो?

वाद्याची तांत्रिक सरसता हे कारण फार थोडे. कोणत्या गावात कोणता कारागीर होता, लष्करी बँडने काय विकत घेतले, शिक्षकाच्या हातात काय होते, यावर गोष्टी ठरल्या. अमेरिका हे याचे चांगले उदाहरण. १८६०च्या दशकातल्या यादवी युद्धात तिथल्या बँडच्या बऱ्याच वाद्यांवर रोटरी व्हॉल्व्ह होते. शतक संपेपर्यंत चित्र उलटले आणि ट्रम्पेट-कॉर्नेट पिस्टनचे झाले. त्यात भर घालणाऱ्यांपैकी एक, व्हिन्सेंट बाख, मूळचा ऑस्ट्रियाचा, म्हणजे रोटरीच्या माहेरचा. तो शिक्षणाने यंत्र अभियंता होता, ट्रम्पेट वाजवत अमेरिकेत पोहोचला, १९१८ मध्ये न्यू यॉर्कमध्ये माउथपीस बनवू लागला आणि पुढे त्याचे पिस्टन ट्रम्पेट जगभर गेले.

आज अमेरिकी वाद्यवृंदातला ट्रम्पेटवादक बहुतेक वेळ पिस्टन वाजवतो, पण ब्रूकनर किंवा ब्राम्स असला की अनेकदा कपाटातून रोटरी काढतो. जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या वाद्यवृंदांत रोटरी ही आवड नसून अट आहे. पिस्टनवर वाढलेल्या तरुणाला तिथे जागा हवी असेल तर निवड चाचणीपूर्वी दुसरे वाद्य विकत घ्यावे लागते आणि त्यावर पुन्हा हात बसवावा लागतो. रोटरी ट्रम्पेट प्रामुख्याने लहान कार्यशाळांत बनतात, त्यामुळे ते स्वस्तही नसतात.

सीमारेषा पुसणारेही आहेत. ऑस्ट्रियाचा थोमास गान्श हा ट्रम्पेटवादक जॅझ आणि विनोदी सादरीकरणासाठी ओळखला जातो. शागर्ल या ऑस्ट्रियन कंपनीने त्याच्यासाठी बनवलेल्या वाद्यात व्हॉल्व्ह रोटरी आहेत, पण ते अशा दिशेने बसवले आहेत की वाद्य पिस्टनसारखे उभे धरता येते.

आपल्याकडे रोटरी का दिसत नाही?

कारण बँड इंग्रजांच्या पलटणींबरोबर आला आणि ब्रिटिश बँड पिस्टनचा. मेरठच्या जली कोठी भागात बँडची वाद्ये बनवण्याचा धंदा उभा राहिला, तिथली नादिर अली अँड कंपनी १८८५ पासूनची. महाराष्ट्रातल्या वरातींत वाजणारे ट्रम्पेट आणि युफोनियम याच परंपरेतले. गोव्यातून मुंबईत आलेल्या वादकांनी हॉटेलांतले जॅझ आणि हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद गाजवले. सी. रामचंद्र यांच्याबरोबर काम केलेले ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांना तर भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. जॅझ हेही पिस्टनचेच राज्य.

दुसरे कारण दुरुस्तीचे. पिस्टन वादक स्वतः उघडू शकतो. वरचे झाकण फिरवायचे, दट्ट्या बाहेर काढायचा, पुसायचा, दोन थेंब तेल टाकून परत सोडायचा. फक्त दट्ट्यांवरचे १, २, ३ हे आकडे पाहायचे. अदलाबदल झाली तर वाट जुळत नाही आणि फुंकर मारली तरी हवा पुढे जात नाही. नवशिक्यांची निम्मी ‘बिघडलेली’ वाद्ये एवढ्यानेच दुरुस्त होतात. रोटरला रोज काढावे लागत नाही, नळीतून आणि टोकाच्या बेअरिंगवर तेल सोडले की तो बराच काळ विनातक्रार चालतो. पण काढायची वेळ आली तर हलकी हातोडी, अचूक हात आणि ओळखीचा कारागीर लागतो. तो गावात नसेल तर वाद्य महिनोन्‌महिने पडून राहते. उलट पिस्टनच्या घराला बारीकसा पोचा आला तरी दट्ट्या जागीच रुततो, आणि वरातीच्या गर्दीत पोचे येतातच.

मुंबईत एनसीपीएमध्ये २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, तिथे हॉर्नच्या रांगेत रोटरी जवळून पाहता येते. मोठे ट्रॉम्बोनही पाहा. सरकत्या नळीच्या या वाद्यावर मागच्या बाजूला अंगठ्याने चालवायचा एकुलता एक व्हॉल्व्ह असतो. तो परंपरेने रोटरीच असतो.

जुने वाद्य विकत घेणाऱ्यांसाठी एक चाचणी दोन्ही प्रकारांना चालते. व्हॉल्व्ह न दाबता त्याच्या वेटोळ्याची सरकती नळी थोडी बाहेर ओढायची, पाच-सहा सेकंद थांबायचे आणि मग व्हॉल्व्ह दाबायचा. ‘टॉक’ असा आवाज आला तर आतली पोकळी टिकून होती, म्हणजे व्हॉल्व्ह घट्ट आहे. काहीच आवाज आला नाही तर हवा गळते आहे. हा व्हॉल्व्ह दुरुस्त करण्याचा खर्च आधी विचारून घ्यावा, भाव नंतर करावा. रोटरी असेल तर मागचे झाकणही उघडून पाहावे. आत रोटरच्या टोकावर आणि शेजारच्या चकतीवर बारीक खुणा असतात. पट्टी दाबली तरी आणि सोडली तरी त्या समोरासमोर याव्यात. येत नसतील तर रोटर थांबवणारे रबराचे किंवा बुचाचे तुकडे झिजले आहेत. ते बदलणे थोड्या पैशांचे काम आहे.